हवेचा नंबर

मी एक जुना लेन्सोमीटर आहे, मित्रांनो, आणि माझं नाव तुम्ही आजवर ऐकलं नसेल तर मला त्याचा मुळीच राग नाही. चष्म्याच्या दुकानात तुम्ही कधीतरी गेला असाल. तिथल्या काकांनी तुमचा चष्मा हातात घेतला, आतल्या टेबलावर नेला, एका वाकलेल्या यंत्रात डोळा घालून पाहिलं आणि बाहेर येऊन काचेचा नंबर सांगितला, असंही झालं असेल. ते वाकलेलं यंत्र म्हणजे मी.

दिसायला मी काही देखणा नाही. करड्या रंगाचं लोखंडी अंग, पोटात दिवा, मधोमध चष्मा टेकवायची जागा, बाजूला आकडे कोरलेलं चाक आणि वरच्या टोकाला डोळा लावायची नळी. नळीतून पाहिलं की आत हिरव्या रेघा दिसतात. समोर काच ठेवली की त्या रेघा पुसट होतात. मग चाक फिरवत जायचं. रेघा पुन्हा लख्ख झाल्या की चाकावरचा आकडा वाचायचा. तोच त्या काचेचा नंबर. काम सोपं आहे, पण त्यात एक खोच आहे आणि माझी सगळी कहाणी त्या खोचेपाशीच घडली.

खोच अशी, की माझ्या नळीचं टोक फिरतं. ज्याला आत पाहायचं आहे त्याने आधी ते टोक फिरवून, आतली काळी खूण आपल्या डोळ्याला स्वच्छ दिसेल असं लावून घ्यायचं. प्रत्येकाचा डोळा निराळा, म्हणून प्रत्येकाने आपल्यापुरतं लावायचं. हे न करता कुणी थेट वाचायला बसलं, तर मी त्याला खुशाल चुकीचा आकडा दाखवतो. यात माझा खोडसाळपणा काही नाही. दुसऱ्याच्या डोळ्याला लावलेल्या नळीतून तो बघत असतो, तिथे मी बापडा काय करणार?

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी माझी चाकं घासली, रेघांची काच बसवली, आकडे तपासले आणि भुशाच्या खोक्यात घालून मला ठाण्याला धाडलं. तलावपाळीजवळ मधुकाकांचं चष्म्याचं छोटंसं दुकान होतं. तिथल्या आतल्या टेबलावर माझी ऐन उमेदीची वर्षं गेली. मधुकाका मला फडक्याने पुसत, पण नळीचं टोक पुसताना फडकं बदलत. हाताखाली कुणी नवीन शिकायला आलं, की ते आधी त्याला दरडावत, “आधी आपला डोळा लाव, मग लोकांची काच बघ!”

खरं सांगतो, त्या दुकानात मला एक वाईट खोड लागली. मी भोचक झालो. चष्मा समोर आला, की त्याच्या मालकाविषयी मला हजार प्रश्न पडत. एका काचेवर तेलाचे बारीक शिंतोडे असत, तर मला वाटे, या बाई फोडणीवर फार वाकत असणार. एका काडीचं टोक चावून चावून चपटं झालेलं असे. हा मुलगा गणिताच्या तासाला बसत असेल का? एका काचेवर धुळीचे ओरखडे असत, तो नक्की मोटारसायकलवर हिंडणारा. पण मित्रांनो, माझं दुर्दैव बघा. मला चष्मे दिसत, माणसं दिसत नसत. माणूस बाहेर बाकावर बसलेला, मी आत. नवी काच लावून तो रस्त्यावर गेला की त्याला काय दिसलं, हे मला कधी कळलं नाही. आयुष्यभर हीच एक हुरहुर मनात राहिली.

पुढे घोडबंदर रोडला उंच उंच इमारती झाल्या. त्यांच्या खाली चकाचक शोरूम निघाली. तिथली यंत्रं बटण दाबलं की आपोआप नंबर छापून द्यायची. मधुकाकांचे गुडघे बोलू लागले होते, मुलाला दुकानात रस नव्हता. त्यांनी दुकान आवरायचं ठरवलं आणि मला घेऊन जायला डोंबिवलीहून विश्राम सर आले.

विश्राम सर तिथल्या एका कॉलेजात अकरावी-बारावीच्या मुलांना डोळ्यांचं आणि चष्म्याचं काम शिकवत. या शिक्षणाची आपल्याकडे लोकांना गंमत वाटते. मुलं हा विषय निवडून आली, की शेजारीपाजारी हळूच विचारतात, “का हो, सायन्सला मिळालं नाही का?” जणू काही चष्मा झाडाला लागतो! सरांना या प्रश्नाचा भारी संताप येई. टेम्पोत मला मांडीवर घेऊन ते बसले, कळवा, मुंब्रा ओलांडून शीळफाट्याच्या कोंडीत अडकले आणि तिथे ड्रायव्हरला त्यांनी काच घासण्यावर एक अख्खं व्याख्यान दिलं. ड्रायव्हर बिचारा जाणार तरी कुठे? त्याने ऐकून घेतलं.

सरांच्या प्रयोगशाळेत माझं पुन्हा कौतुक सुरू झालं. खंडेनवमीला मुलं मला झेंडूची माळ घालत, हळदकुंकू वाहत. काच घासायचं चाक, स्क्रूड्रायव्हर, पकडी आणि मी, असे आम्ही सगळे एका पाटावर मांडलेले असू. दुकानात माझी कुणी पूजा केली नव्हती. मला ती आवडली, हे कबूल करायला कसली लाज?

पण मुलं ती मुलंच. येता-जाता नळीचं टोक गरागरा फिरवायची. कुणी गाडीचा आवाज काढत फिरवी, कुणी उगाच. एका वर्षी ऐन परीक्षेच्या तोंडावर सर वैतागले. त्यांनी चष्मा काढून ठेवला, नळीला डोळा लावला, टोक आपल्या डोळ्याला नीट बसवलं आणि त्यावर पांढरी चिकटपट्टी गुंडाळून टाकली. पट्टीवर लिहिलं, ‘हलवू नये.’ परीक्षेपुरता उपाय होता तो. परीक्षा झाली, सर निवृत्त झाले, त्यांचा निरोपसमारंभ झाला, मुली रडल्या. पट्टी मात्र काढायची राहून गेली.

मग तिचं काय झालं ऐका. पुढच्या खंडेनवमीला तिच्यावर कुंकवाचं बोट लागलं. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. ती ‘सरांची पट्टी’ झाली. फडक्याने पुसतानाही मुलं तिला जपून वळसा घालू लागली. सरांच्या जागी आसावरी मॅडम आल्या. मनाने मऊ, कामाला वाघ, पण त्यांचं शिक्षण सगळं आपोआप नंबर छापणाऱ्या यंत्रांवर झालेलं. आल्या दिवशीच मुलांनी त्यांना बजावलं, “मॅडम, ते नका हलवू हां, सरांचं आहे.” मॅडमनी मान डोलावली. आणि अशा रीतीने अख्खा वर्ग विश्राम सरांच्या डोळ्याने बघू लागला.

मी आतून ओरडत होतो, अरे बाबांनो, काढा ती पट्टी! पण लोखंडाचं ओरडणं कोण ऐकतं?

अशात करिश्मा आली. शीळफाट्याजवळच्या गावातली आगरी घरातली मुलगी. पूर्वी त्यांची भातशेती आणि मिठागर होतं, आता त्या जागेवर इमारती आणि गाळे आहेत. वडिलांचं नाव काळुराम. घरात आजी, जाईबाई. करिश्मा या विषयाकडे वळली ती या आजीपायीच. आजोबा गेले तेव्हा करिश्मा सहावीत होती. त्या दिवसापासून जाईबाईंनी आजोबांचा जाड तपकिरी चष्मा स्वतःच्या नाकावर चढवला तो चढवलाच. त्यातून त्यांना धड दिसत नसे. पायरी चुके, तांदळातला खडा दिसत नसे. डॉक्टरकडे चला म्हटलं की त्या म्हणत, “ह्यांचा चष्मा हाय. ह्यो काढला त ह्यांचा काय उरंल माझ्याजवल?” करिश्माने मनाशी ठरवलं होतं, आजीचा चष्मा आपण आपल्या हाताने करायचा.

मुलगी माझ्यासारखीच भोचक, म्हणून मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. रेघा हिरव्याच का? काचेवर शाईचे ठिपके उमटवायच्या या तीन पिना कशाला? चष्मा उलटा ठेवला तर काय होईल? मॅडम उत्तरं देऊन थकत. पण नंबर वाचायची वेळ आली की करिश्माचं घोडं अडे. सरावाच्या काचा पाकिटांत असत, खरा नंबर पाकिटावर. करिश्माचं उत्तर त्याच्याशी कधीच जुळत नसे. ती पुन्हा पाही, पुन्हा तेच.

आणि बाकीच्यांचं? बाकीच्यांचं छान चाललं होतं, कारण वर्गात अपूर्व होता. डोंबिवलीतला हुशार, गोरागोमटा, चष्मेवाला मुलगा. चष्मा नळीवर आपटतो म्हणून तो काढून ठेवी, आत बघे आणि आकडा सांगे. तो अचूक निघे. मित्रांनो, मी त्याचा चष्माही मोजला आहे आणि विश्राम सरांचाही. दोघांचा नंबर जवळजवळ एकच! सरांच्या डोळ्याला बसवलेली नळी अपूर्वच्या डोळ्याला आयती बसत होती. त्याला याचा पत्ता नव्हता. वर्गालाही नव्हता. “अपूर्व, किती आला रे?” असं विचारायचं, त्याने सांगितलेला आकडा लिहायचा आणि नळीला नावापुरता डोळा लावायचा, अशी सगळ्यांची वहिवाट पडली होती. जे दिसलं तेच लिहिणारी वर्गात एकटी करिश्मा, आणि चुकणारीही तीच.

सराव परीक्षेत तिला प्रात्यक्षिकात जेमतेम मार्क पडले. पालकसभेला काळुराम आले. गळ्यात जाड साखळी, आवाज मोठा, पण पोरीवर जीव. दारातून आत येतानाच त्यांनी विषयाला हात घातला.

“मॅडम, खरा काय तो सांगा. पोरीला जमतंय का नाय? नसंल जमत त वरीस कशाला फुकट घालवाचा? आपला गाला रिकामा हाय शीलफाट्याला. मानूस ठेवतो, चष्म्याचा दुकान टाकतो, ही बसंल गल्ल्यावर. शिकाची गरजच काय?”

“पप्पा, मला गल्ल्यावर नाही बसायचं,” करिश्मा म्हणाली. “मला आत बसायचंय. काम करायला.”

“मंग काम येवाला नको?”

करिश्माने मॅडमकडे पाहिलं. मॅडम हळूच म्हणाल्या, “मोठी परीक्षा होऊ द्या. त्यात झालं नाही, तर आपण बोलू.” काळुराम म्हणाले, “ठरला त. परीक्षेनंतर बघू,” आणि निघून गेले.

त्याच आठवड्यात मॅडमनी ऑफिसला कळवलं, की जुनं यंत्र थकलेलं दिसतं, एका मुलीची उत्तरं सारखी चुकतात, नवीन आपोआप नंबर सांगणारं द्या. ऑफिसने होकार दिला. नवं येणार म्हणजे टेबल मोकळं हवं. परीक्षा झाली की जुनं भंगारात. मी हे माझ्या जागेवरून ऐकलं आणि माझ्या पोटातला दिवा क्षणभर लुकलुकला. मॅडमना वाटलं, वायर सैल झाली.

आता बघा कशी पंचाईत होती. यंत्र बिघडलं असेल, तर करिश्मा निर्दोष आणि मी भंगारात. यंत्र चांगलं असेल, तर मी शाबूत आणि करिश्मा गल्ल्यावर. आम्हा दोघांपैकी कुणीतरी एक चुकत होतं, असंच सगळ्यांना वाटत होतं. मला तर ती मुलगी हवी होती. तिच्यासारखं इतकं टक लावून माझ्यात कुणी पाहिलं नव्हतं.

एके दिवशी करिश्मा आजोबांचा चष्मा घेऊनच आली. जाईबाई दुपारी झोपल्या तेव्हा उशापासून उचलून आणला होता, संध्याकाळच्या आत परत न्यायचा होता. तिने तो माझ्यासमोर ठेवला. जुन्या काळच्या खऱ्या काचा, जड, कडेला हिरवट. मी किती खूश झालो म्हणून सांगू! तिने दोनदा, तीनदा पाहिलं आणि नंबर लिहिला. मग अपूर्वने पाहिलं. त्याचा अर्ध्या नंबराने वेगळा.

“तुझंच चुकलं असणार यार,” अपूर्व म्हणाला. तो वाईट मनाने बोलला नव्हता. “तुझं नेहमी अर्ध्यानेच चुकतं.”

करिश्माचे डोळे भरून आले होते. चष्मा उचलायला तिने हात पुढे केला आणि मध्येच थांबली.

“काय म्हणालास?”

“अर्ध्याने चुकतं म्हटलं. नेहमीच.”

“नेहमी? एकाच बाजूला?”

तिने मागच्या उत्तरांची वही उघडली आणि काचांची पाकिटं शेजारी पसरली. जाड काच असो, पातळ असो, प्रत्येक उत्तर अर्ध्या नंबराने आणि एकाच बाजूला हुकलं होतं. मित्रांनो, निष्काळजी माणूस असा शिस्तीत चुकत नाही. तो कधी इकडे पडतो, कधी तिकडे. करिश्माचे ओले डोळे आता चमकू लागले. तिने आजोबांचा चष्मा हळूच बाजूला ठेवला. माझ्यासमोर आता काहीच नव्हतं. आणि त्या काहीच नसण्याकडे ती बघत बसली.

“अगं, काच तरी ठेव,” अपूर्व हसला.

“थांब रे.” तिने चाक फिरवलं, रेघा लख्ख केल्या आणि आकडा वाचला. शून्य यायला हवं होतं. अर्धा आला.

“मॅडम!” ती जागेवरूनच ओरडली. “मॅडम, हवेला नंबर आहे!”

वर्ग खो खो हसला. “हवेला चष्मा लागला!” कुणीतरी मागून म्हणालं. मॅडमही हसत हसतच आल्या, पण नळीशी वाकल्यावर त्यांचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनाही हवेचा नंबर आला, आणि तो करिश्मापेक्षाही वेगळा. मग त्यांनी अपूर्वला बसवलं. त्याला चोख शून्य. तीच हवा, तेच यंत्र आणि तीन माणसांची तीन उत्तरं. मग मॅडमनी इतर मुलांना एकेक करून बसवलं आणि या वेळी मोठ्याने आकडा सांगायचा नाही अशी तंबी दिली. ज्याचा त्याचा आकडा निराळा निघाला. मुलं एकमेकांकडे चोरून बघू लागली.

करिश्मा माझ्या नळीकडे टक लावून बघत होती. कुंकवाने लाल झालेली पट्टी तिच्या नाकासमोर होती.

“मॅडम, हे टोक फिरायचं असतं का हो?”

मॅडमनी पट्टीकडे पाहिलं, मग स्वतःच्या कपाळाला हात लावला. “पुस्तकात आहे ते,” त्या पुटपुटल्या. “मीच शिकवते तुम्हाला. नळी आधी आपल्या डोळ्याला लावून घ्या, असं तोंडी शिकवते. आणि इथे...” पण पट्टीला हात लावायचं धाडस त्यांनाही होईना. सरांची पट्टी, आणि तिच्यावर इतक्या वर्षांचं कुंकू! शेवटी त्यांनी सरांनाच फोन केला.

विश्राम सर आता घोडबंदर रोडला मुलीकडे राहतात. दुसऱ्या दिवशी आले, उशिरा, घामाघूम. “माजिवड्याला गाडी अशी थांबली की मला वाटलं, माझी दुसरी निवृत्तीही तिथेच होते की काय,” असं म्हणत त्यांनी खुर्ची ओढली. मुलांनी गराडा घातला. सगळं ऐकून माझ्या अंगावरून त्यांनी हात फिरवला. किती दिवसांनी! मग नेहमीसारखा डोळा नळीला लावला.

बराच वेळ त्यांनी चाक इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं.

“अरे,” ते शेवटी म्हणाले, “हे तर मलाही दिसत नाहीये!”

कुणाला काही समजेना. सर मागे टेकून हसू लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “मध्यंतरी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यात नवी काच बसवली, नंबर पार बदलला. म्हणजे बघा, ज्या डोळ्याला मी ही नळी बसवली, तो डोळा आता माझाही राहिलेला नाही. आणि तुम्ही लेकरं त्याला कुंकू लावताय!”

त्यांनी खिशातली किल्ली काढली आणि पट्टी खरवडायला घेतली. गोंद वाळून दगड झाला होता, तुकड्या-तुकड्याने निघाला. शेवटचा तुकडा सुटला आणि माझ्या नळीचं टोक सैल झालं. मला काय वाटलं ते शब्दांत कसं सांगू? घट्ट बांधलेला हात सोडल्यावर तुम्हाला कसं वाटेल, ते आठवा. सरांनी विचारलं, “हवेचा नंबर कुणी काढला?” मुलांनी करिश्माला पुढे ढकललं.

“पण सर, मी रोज चुकीचंच लिहीत होते,” ती म्हणाली.

“तू दिसेल ते लिहीत होतीस,” सर म्हणाले. “सगळ्यांनी लिहिलं असतं, तर ही पट्टी पहिल्याच महिन्यात निघाली असती. बस. लाव आपला डोळा.”

करिश्मा बसली. तिने टोक पूर्ण बाहेर फिरवलं, मग हळूहळू आत. काळी खूण स्वच्छ झाल्यावर थांबली. किती वर्षांनी माझ्यात कुणीतरी आपल्याच डोळ्याने बघत होतं. तिने हवा मोजली. शून्य. पाकिटातली काच मोजली. बरोबर. मग दुसरी, मग तिसरी. ती हसत सुटली, आणि माझ्या जागी माणूस असता तर तोही हसला असता.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी तिला दिलेल्या काचा तिने वाचल्या, शाईचे ठिपके उमटवले, काच घासून फ्रेममध्ये बसवली. तिच्यानंतर अपूर्वनेही नळी लावून घेतली, आणि शेजाऱ्याने कानात विचारलेल्या “किती आला रे?” ला पहिल्यांदाच उत्तर दिलं, “तू बघ ना.” करिश्मा पास झाली. नुसती पास नाही, चांगली पास झाली.

पण तिची खरी परीक्षा घरी बाकी होती. सरांना सरांच्याच पट्टीतून दिसेना, ही गोष्ट तिने आजीला चार वेळा रंगवून सांगितली. चौथ्यांदा जाईबाई हसल्या आणि म्हणाल्या, “समजला गो. मना काय उगा ऐकवतंस?” मग त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. अट एकच, आजोबांची फ्रेम बदलायची नाही. करिश्मा म्हणाली, फ्रेम कोण बदलतंय? डॉक्टरांनी नंबर लिहून दिला आणि तिने मॅडमच्या देखरेखीखाली आजोबांच्या फ्रेममध्ये आजीच्या काचा बसवल्या. त्या काचा वाचण्याचा, त्यांच्यावर ठिपके देण्याचा मान माझा होता.

चष्मा न्यायला जाईबाई स्वतः आल्या. काळुरामांनी त्यांना हाताला धरून आणलं. “आयेला तुमची मशीन बघाचीय,” ते म्हणाले. आवाज आज लहान होता. जाईबाईंनी पदर सावरला, वाकल्या आणि माझ्या नळीला डोळा लावला. मित्रांनो, इतक्या वर्षांत चष्मा न्यायला आलेलं माणूस पहिल्यांदाच माझ्यात डोकावत होतं! करिश्माने त्यांच्यासाठी टोक फिरवून दिलं.

“हिरव्या रेघा दिसतात गो. आपल्या शेताचं बांध दिसाचं, तसं.”

मग करिश्माने चष्मा पुसून त्यांच्या डोळ्यांवर ठेवला. तीच तपकिरी फ्रेम, एका काडीला आजोबांनी कधीतरी बांधलेली तार. जाईबाईंनी आधी तारेला हात लावून पाहिला. ती आहे याची खात्री झाल्यावर मान वर केली. समोर नात उभी होती. त्या बघतच राहिल्या. बोट पुढे करून त्यांनी तिच्या भुवईला स्पर्श केला.

“ह्यो तील कदी आला?”

“सातवीत होते तवा, आजी.”

जाईबाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. “एवढी मोठी कदी झालीस गो तू? मना दिसलीच नाय.”

काळुराम खिडकीकडे वळून उभे राहिले. जाताना ते मॅडमना एवढंच म्हणाले, “गाला रिकामाच ठेवतो. तिचा शिक्षान सगला पुरा होऊ द्या. मंग आत बसाला टेबल करीन.”

तर अशी माझी कहाणी. नवीन यंत्र आलं आहे. माझ्या शेजारीच बसतं, गुणी आहे, पटकन आकडा छापतं. पण मॅडमनी मला भंगारात जाऊ दिलं नाही. अकरावीची मुलं आधी माझ्यावर शिकतात. सरावाच्या काचांमध्ये एक पाकीट वाढलं आहे, त्यावर ‘आजोबा’ असं लिहिलेलं. फ्रेममधून काढलेल्या त्या जड हिरवट काचा माझ्यासमोर आल्या, की मी त्यांना ओळखतो आणि त्यांचा नंबर चोख सांगतो.

मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. मला पुसा, धुळीपासून जपा, माझा दिवा गेला तर बदला. खंडेनवमीला माळ घातलीत तर नको कशाला म्हणू? पण माझ्यावर पट्टी लावू नका, कितीही थोर माणसाची असली तरी. खुर्चीत बसा, माझं टोक हाताने फिरवा आणि तुमच्या डोळ्याला दिसेल तेच लिहा. आणि घरी जाल तेव्हा आजीच्या चष्म्यातून एकदा बघा. तिला तुम्ही दिसताय ना?